जामीन

अण्णा म्हणायचे, कुणाला जामीन राहू नये.
स्वतः राहिले होते, उजागरे मास्तरांच्या कर्जाला,
नगरच्या एका पतसंस्थेत, एका सहीपुरते.
मास्तर नाशिकला गेले ते गेलेच,
आणि आमच्या घरी सात वर्षं
दर पाच तारखेनंतर चहात साखर कमी पडायची.

तरी मी राहिले.
ग्रिम्सबीत, मार्चमध्ये,
मासळीच्या धक्क्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या चर्चात,
गेलच्या मुलीसाठी. गेल माझ्याच वॉर्डातली,
रात्रपाळीत माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाणारी.
तूच हो, म्हणाली, बाकी कुणाला प्रार्थना पाठ नाही.
मला पाठ होती.
पण मराठीत.

पाळकबाईंनी विचारलं, सैतानाला नाकारता का?
नेल सहा महिन्यांची. तिला कुठला सैतान.
ती माझ्या पदराची कड चघळत होती.
तिच्या वतीने मीच म्हणाले, नाकारते.
मुद्दल किती, मुदत किती,
कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पाणी कोमट होतं, एवढं आठवतं.

अण्णांची लेक, म्हणून वही ठेवली.
चांदीचा चमचा, अठ्ठावीस पौंड. नाव कोरायचे वेगळे.
वाढदिवस. नाताळ. सायकल, अर्धी माझी.
क्लॅरिनेट, भाड्याने, दोन टर्म;
तो बसमध्ये विसरली, त्याची भरपाई.
एका वर्षी नगरचं तिकीट काढायचं ते काढलं नाही.
गेल आणि डॅरेन वेगळे होत होते,
नेल सहा आठवडे माझ्याकडे होती,
अंथरूण ओलं करायची, मी चादरी धुवायची.
त्या जूनमध्ये अण्णा गेले.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
कळेना. पान तसंच उलटलं.

आणि जे कबूल केलं होतं, ते?
विश्वासात वाढवीन, म्हणाले होते.
चौदाव्या वर्षी ती म्हणाली, मला हे पटत नाही, आंटी.
मी थापत होते. म्हटलं, बरं, ती भाकर पलट आधी.
पलटली. थोडी फाटली.
रात्री तिच्या नावाने मीच गुडघे टेकले.
कर्जदार थकला की
जामीनदारानेच भरायचं असतं ना.

सतराव्या वर्षी फोन आला, पहाटे दोनला,
क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरून. पायात एकच बूट,
जीभ जड, मागे कुणीतरी हसत होतं.
इस्पितळातल्या खिडकीशी विचारलं, तुम्ही तिच्या कोण?
फॉर्मवर आई, बाप, भावंड, जोडीदार, इतर.
हाच फॉर्म मी इतकी वर्षं लोकांपुढे सरकवला,
कधी वाचला नव्हता.
इतर. पेन उमटेना,
मी चौकटीत घासत राहिले.

टॅक्सीत म्हणाली, मम्मीला सांगू नकोस.
मी सांगितलं.
पाच महिने माझ्याशी बोलली नाही.
वहीत आहे: टॅक्सी, एकोणीस पौंड.
बूट, चाळीस. घेतले होते, दिले नाहीत,
अजून कपाटात आहेत, खोक्यासकट.

आता ती ग्लासगोत असते, पुलांची गणितं करते,
कुठला खांब किती ओझं पेलेल वगैरे.
आणि माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय.
परवा कागद आले.
तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?
भाऊ नगरला. त्याला फोन लागेस्तोवर
माझं जे व्हायचं ते होऊन जाईल.
तिचं नाव लिहिलं. नंबर पाठ आहे.
नात्याच्या चौकटीशी मात्र चहा गार झाला.

तिला विचारायचं राहिलंच आहे.
रविवारी फोन येतो तिचा, तेव्हा विचारीन.
अण्णा काय म्हणायचे तेही सांगायला हवं.
विचारण्याआधी सांगायचं
की तिने हो म्हटल्यावर,
ते अजून ठरत नाही.